आत्याबाईंचा फोटो

कचेरीसमोरच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड एक गोल स्टूल आणि स्टुलापासून चार पावलांवर तिपाईवर चढवलेला कॅमेरा. त्या कॅमेऱ्यामागे ती एकोणीस वर्षं उभी होती. परवान्याला, पासपोर्टला, शाळेच्या ओळखपत्राला ज्यांना फोटो लागे ते सगळे तिच्यासमोर येऊन बसत आणि ती सगळ्यांना एकच सांगे, "हनुवटी जरा खाली. अजून. बास. इकडे बघा." त्यावरून कचेरीतल्या कारकुनांनी तिचं नाव हनुवटीबाई पाडलं होतं. तिला ते माहीत होतं आणि त्याचा तिला फारसा रागही नव्हता.

हात चांगला होता तिचा. रडकं मूल आईच्या मांडीवर हुंदक्यासाठी क्षणभर थांबलं की तेवढ्यात तिचा खटका दाबून झालेला असे. काही माणसं फोटोच्या वेळी नेमकी पापणी मिटतात. ती कधी मिटणार हे तिला त्यांच्याआधी कळे. पण एक गोष्ट ती कुणाजवळ बोलली नव्हती. कॅमेऱ्याच्या फिरवायच्या चकत्यांवर मालकांनी काळी चिकटपट्टी लावून ठेवलेली होती आणि त्या पट्टीखाली काय आहे, ते तसंच का आहे, याचा तिला पत्ता नव्हता. आल्या दिवशी मालक म्हणाले होते, "बाई, याला हात लावायचा नाही. बाकी राज्य तुमचं." एकोणीस वर्षांत कॅमेरे तीन बदलले, पण नव्या कॅमेऱ्यावर पहिल्या दिवशीच नवी पट्टी चढायची आणि ती मुकाट्याने खटका दाबायची.

नातेवाइकांत चार माणसं जमली की कुणी ना कुणी आपला कॅमेरा तिच्या हातात कोंबायचं. "घ्या, तुम्ही तर फोटोवाल्या!" मग एकतर तिचं डोकं दुखायला लागे, नाहीतर स्वयंपाकघरात काहीतरी उतू जायला निघे.

घरी ती, नवरा आणि सासरे. नवरा काचवाला होता. लोकांच्या खिडक्यांना, कपाटांना, दुकानांच्या दर्शनी भागांना काचा बसवून द्यायचा. बोटांवर कायम दोन-तीन पट्ट्या. सासरे घड्याळजी. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडली आणि दोन वर्षांपूर्वी नजर साथ देईना तेव्हा दुकान बंद केलं. रिकाम्या हातांना काय करावं कळेना, म्हणून एक दिवस पिशवीतून तीन गोल्डफिश घेऊन आले. दुकानातलं कामाचं टेबल घरी आलंच होतं. त्याच्यावर काचेची टाकी बसली. तिघींतली सगळ्यात थोराड जी होती, केशरी, गाल फुगलेले, ती सारखी काचेशी येऊन खोलीभर नजर फिरवायची. सासऱ्यांची एक आत्या होती म्हणे, घरात पाऊल टाकल्याबरोबर फळीवर बोट फिरवून धूळ बघणारी. माशाचं नाव आत्याबाई पडलं. बाकीच्या दोघी नुसत्या बुटकी आणि लांबशेपटी.

त्या वर्षी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून ऑपरेशननंतर दोन महिने त्यांनी मुलीकडे, तळमजल्यावर, राहायचं असं ठरलं. निघताना त्यांनी सुनेच्या हातात बारीक अक्षरात लिहिलेला कागद ठेवला. सकाळी चिमूटभर खाणं, संध्याकाळी चिमूटभर, आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. कागद वाचून झाला तरी ते दारात घुटमळत राहिले.

"सूनबाई, बाकीच्या दोघींचं काही नाही. आत्याबाईंकडे तेवढं बघ."

"बघते हो बाबा. तुम्ही गुडघ्याकडे बघा."

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. चौथ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, खाणं टाकताना तिला आत्याबाईंच्या गालावर काहीतरी पांढरं दिसलं. डोळ्यांत काही गेलंय असं समजून तिने डोळे चोळले. मग वाकून बघितलं. कल्ल्याच्या झाकणावर मिठाचे कण चिकटावेत तसे ठिपके. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

संध्याकाळी ती शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे गेली. त्याने ऐकून घेतलं न घेतलं आणि निळ्या औषधाची बाटली पुढे सरकवली. "पांढरे ठिपके म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. हे ओता. जगले तर जगले." शेवटचं वाक्य त्याने इतक्या सहज म्हटलं की बाटली घरी आणूनही तिला ती उघडवेना.

नवऱ्याने एका प्राण्यांच्या दवाखान्यात खिडक्या बसवल्या होत्या. तिथून त्याने माशांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मिळवला. त्या दुसऱ्या गावी असत. सोमवारी दुपारी स्टुडिओत गर्दी नसताना तिने फोन लावला.

"खातो का मासा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत्याबाई? खातात. रोजच्यापेक्षा जास्तच खातात."

"अंग दगडाला घासतो का?"

"नाही. पण बाकीच्या दोघींच्या सारख्या मागे लागतात. पिच्छाच सोडत नाहीत. दुखण्याने चिडल्या असतील."

"औषध ओतलंत?"

"नाही अजून."

"ओतू नका. धडधाकट माशाला ते उगाच त्रासाचं. आधी फोटो पाठवा. ठिपके कुठे आहेत, किती आहेत, मला मोजता आले पाहिजेत."

रात्रीची वाट न बघता तिने संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या मोबाइलवर तीस-चाळीस फोटो काढले. एकात केशरी ढग होता, एकात नुसती शेपटी, आणि बाकी सगळ्यांत काचेवर उमटलेलं तिचं स्वतःचं तोंड. त्यातले बरे निवडून पाठवले. डॉक्टरीणबाईंचा लगेच फोन.

"अहो, यात मला तुमची नाकपुडी दिसतेय, मासा नाही! कुणी फोटो काढणारं नाही का ओळखीत?"

शेजारी उभा असलेला नवरा फोनकडे तोंड करून कौतुकाने ओरडला, "अहो, हिचं कामच ते! एकोणीस वर्षं स्टुडिओत आहे!"

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगला कॅमेरा आणा. दोन-तीन दिवसांच्या वर नको. खरंच रोग असेल तर तिघींना होईल."

फोन बंद झाला आणि ती तशीच उभी राहिली. नवऱ्यावर ओरडावंसं वाटलं, पण त्याचं काय चुकलं होतं? तो खरंच तसं समजत होता.

ती तशीच पुन्हा स्टुडिओत गेली. मालक शटर ओढायच्या बेतात होते. तिने कॅमेरा एका रात्रीसाठी मागितला. "सासऱ्यांच्या माशांचे फोटो काढायचेत," एवढंच सांगितलं. मालकांनी कॅमेरा पिशवीत घालून दिला. "काढा की. तुम्हाला काय सांगायचं!"

घरी टाकीसमोर खुर्ची ओढून ती बसली. आत्याबाई समोर आल्या, तिने खटका दाबला. कॅमेऱ्याचा पडदा काळा. पुन्हा दाबला, पुन्हा काळा. स्टुडिओत खटक्याबरोबर दोन मोठे दिवे लखकन उजळायचे, ते इथे नव्हते. शेवटी तिने नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चकती एका बाजूला फिरवली तर सगळं पांढरंफटक. दुसऱ्या बाजूला फिरवली तर मासा पाण्यात विरघळलेल्या गोळीसारखा पसरला. तासाभराने तिने हात टेकले. चकती मुळात कुठे होती तेही आता आठवेना, म्हणजे उद्या सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाचा फोटोही बोंबलला!

त्यात नेमका सासऱ्यांचा फोन आला. "काय म्हणतायत आत्याबाई?"

"मजेत आहेत, बाबा." तिने फोन पटकन नवऱ्याकडे दिला.

मंगळवारी ती रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी स्टुडिओत पोचली. मालक खुर्चीवर बसून वर्तमानपत्र चाळत होते. सत्तरीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने कॅमेरा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. निम्मी उचकटलेली पट्टी त्यावर लोंबत होती.

"मालक, मला हे येत नाही."

"काय येत नाही?"

"हेच. या चकत्या. मला काहीच येत नाही. मी नुसता खटका दाबते. काल मी पट्टी काढली आणि सगळं फिरवून ठेवलं. एकोणीस वर्षं लोक मला फोटोवाली म्हणतात आणि मी..."

मालकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"मग विचारलं का नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात, हात लावायचा नाही."

"अहो, ते पहिल्या दिवशी म्हणालो होतो! तुमच्याआधी जो माणूस होता त्याच्या शर्टाची बाही सारखी चकतीला लागायची. रोज फोटो बिघडायचे, म्हणून पट्टी लावली. पहिल्या दिवशीचं बोलणं कुणी एकोणीस वर्षं धरून बसतं का? मला आपलं वाटत होतं, बाईंना यात गोडी नाही. आपण कशाला मागे लागा."

हसावं की रडावं तिला कळेना. छातीवरचं कधीपासूनचं ओझं कुणीतरी एका हाताने उचलून बाजूला ठेवावं, इतकं ते सोपं निघालं. डोळे पुसता पुसता तिला हसू आलं आणि मालकही हसू लागले.

"मासा हलतो ना?" मालक उठले. "मग आपल्याला काहीतरी हलणारं पाहिजे." त्यांनी स्टुडिओच्या किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधला, दोरी छताच्या हुकाला अडकवली आणि जुडग्याला झोका दिला. "हा तुमचा मासा. काढा."

तिने काढला. किल्ल्यांच्या जागी नुसती करडी रेघ.

"शटर म्हणजे दार. दार किती वेळ उघडं राहणार ते ही चकती ठरवते. आत्ता आहे सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्या वेळात किल्ल्या इकडून तिकडे गेल्या. दोनशेवर न्या."

तिने नेलं. किल्ल्या जागच्या जागी थिजल्या, पण अंधारात बुडाल्या.

"बरोबर. दार लवकर मिटलं, उजेड आत कमी आला. मग आता दार रुंद करायचं. हा दुसरा आकडा. याचं सगळं उलटं असतं, आकडा लहान तर दार मोठं. का ते मला विचारू नका, मीही सुरुवातीला कपाळाला हात लावला होता."

तिने आकडा कमीत कमी केला. उजेड आला, पण पुढची एकच किल्ली स्वच्छ आणि मागच्या सगळ्या धुकट.

"मला ठिपके मोजायचेत," ती म्हणाली. "सगळा गाल स्वच्छ हवा."

"मग दार फार रुंद करून नाही चालणार. पाच-सहाच्या आसपास थांबा. आणि उरलेला उजेड कॅमेऱ्याकडूनच उसना घ्यायचा. हे आयएसओ. जितकं वाढवाल तितका तो थोड्या उजेडात जास्त बघेल. पण फार वाढवलंत तर फोटोत वाळू सांडल्यासारखी दिसते. सोळाशेपर्यंत जा, पुढे नको."

पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत किल्ल्यांचे साठएक फोटो झाले. शेवटच्या काहींत किल्लीचा दात न् दात मोजता येत होता. दिवसभरही पडद्याआड कुणी नसलं की ती जुडग्याला झोका द्यायची. एक कारकून फोटोला आला तो लोंबकळत्या किल्ल्या बघून बिचकला. "हनुवटी खाली," ती म्हणाली, "किल्ल्यांकडे बघू नका."

बुधवारी स्टुडिओला सुट्टी. कॅमेरा तिने आदल्या संध्याकाळीच मालकांकडून पुन्हा मागून आणला होता. नवऱ्याने त्या दिवशी सकाळचंच काम घेतलं होतं, तो दुपारी घरी आला. सोमवारी आपण डॉक्टरीणबाईंसमोर काय बढाई मारली आणि त्यामागे काय होतं, हे त्याला आदल्या दिवशी कळलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "अगं, मलाही आरसे कापता येत नाहीत नीट. मी ते दुसऱ्याकडून कापून आणतो." लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि हे तिला माहीत नव्हतं.

टाकीसमोर उभं राहून त्याने डोळे बारीक केले. "तू इथे खिडकीकडे पाठ करून बसतेस, मग काचेत खिडकी दिसणारच. काचेच्या पलीकडचं बघायचं असेल तर अलीकडे अंधार पाहिजे आणि पलीकडे उजेड." त्याने खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या. खोलीतला दिवा बंद केला. सासऱ्यांच्या कामाच्या टेबलाला वाकत्या मानेचा दिवा अजून होता, ज्याच्याखाली त्यांनी आयुष्यभर घड्याळं उघडली. तो त्याने टाकीच्या वरून सरळ पाण्यात पडेल असा वळवला. पाणी एखाद्या रंगमंचासारखं उजळलं आणि खोली काळोखात गेली. काचेतली खिडकी गेली, तिचं तोंडही गेलं. मग त्याने टाकीची काच आतून शेवाळ घासून, बाहेरून कोरड्या कापडाने पुसून लख्ख केली. पिशवीतून कडा घासून गुळगुळीत केलेली एक काच काढली, धुऊन घेतली आणि टाकीत पुढच्या बाजूला हळूच उभी सोडली. आता पुढे वीतभर रुंदीची एक गल्ली झाली होती.

"आत्याबाई इकडे आल्या की लांब जाऊ शकणार नाहीत. आणि तू सरळ समोर बस. तिरकं बघितलंस की काच फसवते."

आत्याबाई कुतूहलाने आपणहून गल्लीत आल्या. काही नवं दिसलं की बघायला यायचंच, स्वभाव तो. नवऱ्याने पाण्यात बुडबुडे सोडणारा पंप थोड्या वेळासाठी बंद केला.

तिने शटर दोनशेवर ठेवलं, दुसरा आकडा साडेपाचच्या जवळ, आयएसओ सोळाशे. पहिले दहा-बारा फोटो वाया गेले. कॅमेरा आपणहून नजर जुळवायला जाई आणि काचेवरच्या पाण्याच्या थेंबावर अडके. मग तिने कॅमेऱ्याची ती आपोआप जुळवणी बंद केली, काचेपासून चार बोटं आत नजर पक्की केली आणि थांबली. मासा तिथे येईल तेव्हाच दाबायचं. थांबण्यात ती कुणाला हरणारी नव्हती. एवढ्या वर्षांत हजारो रडकी पोरं गप्प होण्याची तिने वाट बघितली होती. आत्याबाई पुढे आल्या, वळल्या, मागे गेल्या. कल्ले उघडत होते, मिटत होते, आणि त्याची एक लय होती. ती तिच्या बोटात हळूहळू उतरली. आत्याबाई वळणार, गाल इकडे करणार, आत्ता.

"हनुवटी खाली," तिच्या तोंडून गेलं आणि खटका दाबला गेला.

नवरा फस्सकन हसला. मग दोघंही कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. केशरी गालावर एकेक खवला वेगळा. डोळ्याभोवती सोनेरी कडं. कल्ल्याच्या झाकणावर पांढरे ठिपके, ओळीने, एकोणीस, वीस, एकवीस. आणि छातीजवळच्या पराच्या पुढच्या काडीवर आणखी काही, करवतीच्या दातांसारखे. बाकी अंग स्वच्छ. तिने दुसऱ्या बाजूचाही घेतला. मग बुटकीचा, लांबशेपटीचा. काच बाहेर काढली, पंप सुरू केला आणि फोटो पाठवून दिले.

उत्तर यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तिने औषधाची बाटली तीनदा उचलून परत ठेवली. नवरा चादरी काढत नव्हता, जणू त्याही उत्तर येईपर्यंत राहायला हव्यात.

फोन वाजला. डॉक्टरीणबाई हसत होत्या. आधी तिला ते हसणं कळेना.

"बाई, फोटो काय सुरेख काढलात! माझ्या विद्यार्थ्यांना दाखवीन म्हणते, चालेल ना? बरं, ऐका. रोगाचे ठिपके कसेही पसरतात, अंगभर, शेपटीवर. हे फक्त कल्ल्यांवर आणि पुढच्या पराच्या कडेला आहेत, आणि एकसारखे. हा रोगबिग काही नाही. विणीच्या दिवसांत गोल्डफिशला असे दाणे येतात. काहींना उशिरा येतात. फक्त नराला."

"नराला म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या आत्याबाई काही आत्याबाई नाहीत. काका आहेत. चिडून नाही मागे लागत दोघींच्या. लगट करतायत!"

तिचा जीव भांड्यात पडला, तो इतका धाडकन की ती टेबलाचा कोपरा धरून खालीच बसली. नवऱ्याला वाटलं, काहीतरी वाईट ऐकलं. तिने फोन कानाशी धरूनच मान हलवली, नाही, नाही, आणि पोट धरून हसू लागली.

"औषध?" तिने कसंबसं विचारलं.

"परत देऊन टाका. दाणे आपणहून जातील."

त्यानंतर तिने सासऱ्यांना फोन लावला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. रविवारपासूनचं सगळं सांगितलं, ठिपके, दुकानदार, काळे फोटो, किल्ल्या. शेवटी काकांची बातमी दिली. पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग कळलं की ते हसतायत.

"म्हणजे दोन वर्षं मी एका धडधाकट पुरुषाला आत्याबाई म्हणत होतो," ते म्हणाले, "आणि बिचाऱ्याने हूं की चूं केलं नाही!" हसणं आवरल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. "सूनबाई, तू सांगितलंस तर मीही सांगतो. रविवारी मी इथे न्हाणीघरात पाय घसरून पडलो. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून पोरीला सांगू दिलं नाही."

"बाबा! कुठे लागलं? गुडघ्याला?"

"काही नाही ग. लगेच एक्स-रे काढला, सगळं जागच्या जागी आहे. डॉक्टर म्हणाले, पडताना खाली बसलात ते बरं, आडवे झाला नाहीत. आज तर काठी न घेता दारापर्यंत जाऊन आलो."

सतरा वर्षांत ती सासऱ्यांना एकदाही रागावून बोलली नव्हती. त्या दुपारी बोलली. न्हाणीघरात रबरी पायपोस टाकायला सांगितलं, भिंतीला दांडी लावायला नवऱ्याला उद्याच पाठवते म्हणाली, आणि पडल्याचं लपवलंत तर बघाच, असं दोनदा बजावलं. ते "हो, हो" करत ऐकत राहिले.

"आणि ते फोटो मला पाठव," फोन ठेवण्याआधी ते म्हणाले. "पोरीच्या मोठ्या टीव्हीवर लावून बघतो."

नवऱ्याने खिडक्यांवरच्या चादरी उतरवल्या. उजेड आत आला. सकाळपासून दोघांनीही काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. थंड झालेला भात, आमटी, जे होतं ते त्यांनी उभ्या उभ्या खाल्लं, आणि ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. रविवारपासून तिला सलग झोप लागली नव्हती. नवऱ्याने ताटं घासून ठेवली, फोनचा आवाज बंद केला आणि दार ओढून घेतलं. ती उठली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती आणि तो जिना उतरून औषधाची बाटली परत करायला गेला होता.